एका वर्षाचे पाहुणे: कॉलेज बास्केटबॉल, सुपारीच्या मॅचेस आणि ड्राफ्टला जाणारी पोरं

रॅलेकर

२०२४ च्या ऑक्टोबरात धाकट्याला इथल्या ड्यूक कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची २ नंबरची जर्सी घेतली, पाठीवर फ्लॅगचं नाव. वाढतं अंग म्हणून बायकोने एक माप मोठी घ्यायला लावली, दोन वर्षं तरी चालेल म्हणाली. जर्सी अजून खांद्यावरून ओघळते आणि कूपर फ्लॅग २५ जून २०२५ ला एनबीएतल्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधल्या, डॅलसचा झालासुद्धा, तोही ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या क्रमांकाने.

परवाच्या गटगला (गेट-टुगेदरला) विषय निघाला तेव्हा एका काकांनी नेहमीची टेप लावली. काय ही हल्लीची पोरं, एक वर्ष कॉलेजात तोंड दाखवायचं आणि पैशामागे पळायचं, निष्ठा म्हणून काही नाहीच. तिथे बोललो नाही, पुढ्यात श्रीखंड होतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की पोराने किती वर्षं दिली हे मोजण्याआधी त्या वर्षात कॉलेजने आपल्याला काय दाखवलं तेही मोजा. सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. नाताळापर्यंतच्या बहुतेक मॅचेस कॉन्फरन्सबाहेरच्या (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), म्हणजे कुणाशी खेळायचं ते कॉलेज स्वतः ठरवतं. मोठी कॉलेजं दोन-चार मॅचेस टीव्हीसाठी तगड्या संघांशी ठेवतात, त्यातल्या बऱ्याच तटस्थ कोर्टवर. उरलेल्या घरच्या कोर्टवर, आणि त्या अशा संघांशी, ज्यांना येण्याचे पैसे मोजलेले असतात. इथे याला ‘बाय गेम’ म्हणतात, आपल्या भाषेत सुपारी. जत्रेला फड बोलवावा तसं छोट्या कॉलेजला बोलवायचं, तीस-चाळीस गुणांनी हरवायचं, पाकीट हातात ठेवायचं आणि बसमध्ये बसवून द्यायचं.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात अशाच एका मॅचला सहकुटुंब गेलो होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. चार तिकिटं रीसेलवर घेतलेली, पार्किंगचे पैसे वेगळे. ज्या पोराला बघायला गेलो तो मध्यंतरानंतर सहा-सात मिनिटं खेळला आणि गळ्यात टॉवेल टाकून बाकावर जाऊन बसला. थोरली विचारते, ‘बाबा, तो दमला का?’ म्हटलं, नाही गं, त्यांचं जिंकून झालंय. मॅच संपायला तेव्हा अकरा मिनिटं होती आणि नाचोजचा डबा अर्धासुद्धा झाला नव्हता.

ड्यूकचं २०२४-२५ चं वेळापत्रक त्यातल्या त्यात बरं होतं हे कबूल. केंटकी, अॅरिझोना, कॅन्सस, ऑबर्न एवढे चार दांडगे संघ नाताळाआधीच घेतले होते. पण मेन ९६-६२ आणि वॉफर्ड ८६-३५ हेही त्याच दोन महिन्यांतलं. फ्लॅग एकूण ३७ मॅचेस खेळला. त्यातल्या श्वास रोखून बघाव्यात अशा किती, ते तुम्हीच सांगा.

तिरकस_तात्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. गटगचे काका इथे येणार का?

नवशिका

छान धागा, पण माझ्यासारख्यांसाठी जरा मागून सांगाल का? ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना? आणि पोरं जातात तर एकच वर्षाने का? शाळेतूनच का नाही जात?

नागपाडा_४०

नवशिका, लिलाव नाही. लिलावात ज्याच्या खिशात पैसा, त्याचा माल. ड्राफ्टमध्ये गेल्या मोसमात ज्यांची वाट लागली ते आधी निवडतात. पहिल्या काही क्रमांकांसाठी चिठ्ठ्या टाकतात, त्यात तळाच्या संघाला जास्त संधी. २०२५ ला डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता होती १.८ टक्के, आणि मिळाला. त्याच फेब्रुवारीत आपला सगळ्यात मोठा खेळाडू लुका डॉन्चिच दुसऱ्या संघाला देऊन टाकलेला संघ हा! नशीब काढावं तर असं. निवडलेल्या पोराने कुठे जायचं यात त्याला काही बोलता येत नाही. पहिल्या फेरीत निवड झाली तर पगाराचा तक्ता ठरलेला आणि पहिली दोन वर्षं पक्की. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही.

एक वर्ष का, तर आधी पोरं शाळेतूनच जायची. केव्हिन गार्नेट १९९५ ला गेला, कोबी १९९६ ला तेराव्या क्रमांकावर, लेब्रॉन २००३ ला पहिल्या. पण अशा निवडी फसायच्याही. शाळेच्या जिममध्ये सतरा वर्षांच्या पोराकडे बघून कोट्यवधी डॉलर लावायचे म्हणजे जुगारच. म्हणून २००५ च्या करारात लीग आणि खेळाडूंच्या युनियनने वय घातलं: ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण हवीत, आणि अमेरिकन पोरगा असेल तर शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. २००६ च्या ड्राफ्टपासून लागू. हा नियम एनबीएचा आहे, कॉलेजांचा नाही. त्याआधी तर चार वर्षं थांबायचा नियम होता. तो स्पेन्सर हेवूड कोर्टात गेला म्हणून मोडला, १९७१ ला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत.

आता फ्लॅगची जन्मतारीख बघा, २१ डिसेंबर २००६. शाळेचं एक वर्ष कमी करून तो लवकर बाहेर पडला. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर २०२५ चा ड्राफ्ट त्याला बंद होता आणि रॅलेकरांची जर्सी आणखी एक वर्ष चालली असती. तेव्हा त्याला पळाला म्हणू नका. त्याला वर्षभर दारात उभं केलं होतं, दार उघडल्यावर आत गेला.

तिरकस_तात्या

म्हणजे बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊन क्लास लावावा तसं. ड्यूक म्हणजे लातूर पॅटर्न.

नवशिका

हा हा! आता नीट कळलं.

साबुदाणा_वडा

तात्या +१

डेटनचे_काका

रॅलेकर, सुपारी शब्द आवडला, पण सुपारी घेणाऱ्याची बाजू कुणी तरी मांडायला हवी म्हणून लिहितो. एकोणीस वर्षं ओहायोतल्या डेटनला आहे. एनसीएए स्पर्धेच्या, म्हणजे मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, ६८ संघांतल्या आठ संघांच्या पहिल्या चार मॅचेस आमच्याकडे यूडी अरीना या स्टेडियममध्ये होतात, मंगळवार आणि बुधवार. मी दरवर्षी जातो, कुणी का असेना.

२०१८ ला टेक्सस सदर्न नावाचं ह्यूस्टनचं कॉलेज आलं होतं. त्यांची त्या सीझनची सुरुवात होती ०-१३, म्हणजे जिंकलेल्या शून्य, हरलेल्या तेरा. तेराच्या तेरा मॅचेस परगावी! नोव्हेंबर-डिसेंबरात घरच्या कोर्टवर एकही नाही. का, तर सुपाऱ्या. त्या पैशांवर खेळांचं बजेट उभं राहतं, फक्त बास्केटबॉलचं नाही, बाकीच्या खेळांचंही. प्रशिक्षक माइक डेव्हिस, म्हणजे इंडियानाला २००२ साली अंतिम सामन्यापर्यंत नेलेला माणूस. मुद्दाम अवघड वेळापत्रक घ्यायचे. तेरा हरले आणि मग आपल्या कॉन्फरन्समध्ये जिंकत सुटले, कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि १५-१९ असा हिशेब घेऊन आमच्या गावी आले.

मी अकराव्या रांगेत होतो. वॉर्मअप चालू होता. त्यांच्यात एक पोरगा होता, जेमतेम साडेपाच-पावणेसहा फुटांचा, आणि त्याच्या बाजूला सव्वासात फुटांचा सेंटर. दोघं एकमेकांना चेंडू देत होते तेव्हा शेजारची गोरी आजी पोट धरून हसत होती. मॅच सुरू झाली आणि हसू गेलं. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलला ६४-४६ हरवलं. तेरा वेळा परक्या गावात, परक्या पब्लिकच्या शिव्या खात हरलेल्या पोरांना डेटनची गर्दी काय घाबरवणार? तेव्हा सुपारीने नुसता पैसाच मिळतो असं नाही.

(आमच्या डेटनचं दुखणं वेगळं आहे. त्यावर नंतर लिहितो, बायको जेवायला हाक मारते आहे.)

आकडेबहाद्दर

काकांचा प्रतिसाद वाचनखूण साठवण्यासारखा.

वेळापत्रक असं का लागतं, यावर थोडं. ६८ पैकी निम्म्याच्या आसपास संघ कॉन्फरन्स जिंकून येतात, बाकीचे समिती निवडते. समितीपुढे असते एनईटी नावाची क्रमवारी. २०१८-१९ पासून ती आली, त्याआधी १९८१ पासून आरपीआय होती. एनईटीवरून प्रत्येक मॅच चार कप्प्यांत टाकतात. पहिला कप्पा म्हणजे घरी पहिल्या ३० मधल्या संघाशी, तटस्थ कोर्टवर पहिल्या ५० मधल्या, किंवा परगावी पहिल्या ७५ मधल्या संघाशी खेळलेली मॅच. चौथा कप्पा म्हणजे रॅलेकरांच्या नाचोजवाली मॅच.

आता प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. तगडा संघ घरी बोलवला तर पुढच्या वर्षी त्याच्या घरी जावं लागतं, म्हणजे एका घरच्या मॅचचं तिकिटांचं उत्पन्न गेलं. छोटा संघ परतफेड मागत नाही, पाकीट घेतो आणि जातो. शिवाय एनईटीत प्रत्येक शंभर पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात येण्याची पाळी) तुम्ही किती गुण केले आणि किती दिले हेही धरतात, म्हणजे दुबळ्याला २० ऐवजी ४० ने हरवलं तर फायदाच. क्रमवारीच अशी म्हटल्यावर वेळापत्रक वेगळं कसं असेल?

पण सगळेच दुबळे संघ विकत घेतले तर मार्चमध्ये निवडीच्या वेळी मार लागतो. आणि नुसतं अवघड वेळापत्रकही पुरत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०२४-२५ ला वेळापत्रक अवघड घेतलं, पण पहिल्या कप्प्यात हिशेब १-१२. समितीने तरी त्यांना शेवटच्या जागांत घेतलं आणि केवढी बोंबाबोंब झाली, कारण समितीचा तेव्हाचा अध्यक्ष त्यांच्याच कॉलेजचा क्रीडा संचालक. (त्यांच्या नावावर चर्चा होताना तो खोलीबाहेर होता, हेही सांगायला हवं.) एसीसीचे, म्हणजे त्यांच्या आणि ड्यूकच्या कॉन्फरन्सचे, अठरापैकी चारच संघ स्पर्धेत गेले, एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सचे चौदा. एसीसीने २०२५-२६ च्या सीझनपासून कॉन्फरन्सच्या मॅचेस २० वरून १८ केल्या आहेत. मोकळ्या झालेल्या दोन तारखांना तगडे संघ घेणार की सुपाऱ्या, तिथे खरी गंमत.

डेटनचे_काका

ते नॉर्थ कॅरोलायनावाले आमच्याकडेच आले होते! सॅन डिएगो स्टेटला ९५-६८. बोंबा मारणारे त्या रात्री तरी गप्प.

तिरकस_तात्या

सुपारीत एक धोका असतो, फड कधी कधी गावच लुटून जातो. १२ नोव्हेंबर २०१९. केंटकी देशात पहिल्या क्रमांकावर. एव्हन्सव्हिलला ९० हजार डॉलर देऊन घरी बोलवलं आणि ६७-६४ हरले. एव्हन्सव्हिलचा प्रशिक्षक वॉल्टर मॅकार्टी कोण, तर केंटकीचाच जुना खेळाडू. नव्वद हजार देऊन स्वतःच्याच माणसाकडून मार खाल्ला. दोनच आठवड्यांनी ड्यूक, तेही तेव्हा पहिल्या क्रमांकावर, स्टीफन एफ. ऑस्टिनकडून घरच्या कोर्टवर जादा वेळेत ८५-८३. कॉन्फरन्सबाहेरच्या घरच्या सलग १५० विजयांची मालिका गेली. शेवटच्या क्षणी चेंडू घेऊन धावला तो नेथन बेन बहामाचा. त्याच्या घरच्यांचं वादळात सगळं वाहून गेलं होतं. त्या बास्केटनंतर लोकांनी त्यांच्यासाठी पैशांचा पाऊस पाडला.

आणि बरं का, तेच एव्हन्सव्हिल त्या वर्षी स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये ०-१८.

प्राध्यापक_परदेशी

मी एका अमेरिकी विद्यापीठात शिकवतो. दोन्ही बाजूंनी पैसा, कप्पे आणि क्रमवारी चालली आहे, म्हणून विद्यार्थी या शब्दाची आठवण करून द्यावी म्हणतो.

पुढच्या सत्रात खेळायचं तर चालू सत्रात किमान सहा क्रेडिट पास व्हावं लागतं. जो एका वर्षाने जाणारच आहे त्याने पहिलं सत्र सांभाळलं की वसंत सत्रात वर्गाचं तोंड पाहिलं नाही तरी मार्चपर्यंत काही अडत नाही. ड्राफ्टच्या तयारीला तो एप्रिलमध्येच कॅम्पस सोडतो. मला राग त्या पोराचा नाही येत. माझ्या वर्गात एक होता, स्टार नव्हे, बाकावरचा. त्याचं असाइनमेंट मला बुधवारी पहाटे साडेतीनला आलं. खाली लिहिलं होतं की विमान उशिरा उतरलं, बसमध्ये बसून पूर्ण केलं. आठ वाजता वर्गात हजर. शेवटच्या रांगेत बसल्या बसल्या झोपला, मी उठवलं नाही.

आणि हे लॉस एंजेलिसची कॉलेजं बिग टेन या लांबच्या कॉन्फरन्समध्ये जाण्याच्या आधीचं. २०२४ पासून यूसीएलए न्यू जर्सीच्या रटगर्सशी कॉन्फरन्सची मॅच खेळतं. स्टॅनफर्ड एसीसीत आहे, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, पॅसिफिकपासून तासाभरावर बसून. ज्यांनी हे नकाशे आखले ते निष्ठेवर बोलणार असतील तर मला तरी हसू येतं.

साबुदाणा_वडा

सर, ‘उठवलं नाही’ _/\_

कुर्ल्याची_सून

मी जर्सी सिटीत राहते. जर्नल स्क्वेअरला उतरून न्यूअर्क अव्हेन्यूला किराणा आणायला जाणारे इथे बरेच असतील. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट पीटर्स नावाचं छोटंसं कॉलेज आहे. २०२२ च्या मार्चआधी मला त्याचं नाव फक्त बसच्या स्टॉपमुळे माहीत होतं. १७ मार्चला त्यांनी केंटकीला ८५-७९ हरवलं. पंधरावं मानांकन, म्हणजे सोळांत खालून दुसरं! मग मरे स्टेट, मग पर्ड्यू ६७-६४. शेवटच्या आठांत पोचलेला पंधराव्या मानांकनाचा पहिलाच संघ. त्या दोन आठवड्यांत आमच्या गल्लीतल्या गुजराती दुकानदाराने दारावर मोराचं चित्र लावलं होतं, कारण संघाचं नाव पीकॉक्स. मी मेथी घ्यायला गेले तर मेथी राहिली बाजूला, तो मला झोन डिफेन्स समजावत होता.

पुढे नॉर्थ कॅरोलायनाने ६९-४९ धुतलं, ते ठीक. पण नंतर काय झालं ते धाग्याच्या विषयाशी जुळतं म्हणून सांगते. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे काही दिवसांतच सेटन हॉलला गेले (तेही जर्सीतच, त्यांचं स्वतःचं जुनं कॉलेज). आणि पोरं एकेक करून बदली घेऊन गेली. मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, केसी एन्डेफो हॉलोवेंच्या मागोमाग सेटन हॉलला. ड्राफ्टला कुणी गेलं नाही, तरी नोव्हेंबरात घर रिकामं. २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, २०२४ पासून कितीही वेळा करा. तेव्हा ड्राफ्टच्या नावाने काय रडायचं? ड्यूकचा एक पोरगा गेला तर पुढच्या वर्षी दुसरा तसाच येतो. आमच्याकडे दुसरा येत नाही.

मोर मात्र अजून दारावर आहे, उन्हाने फिका पडलाय.

आकडेबहाद्दर

सूनबाईंचा मुद्दा नेमका. आकडे तेच सांगतात. ड्राफ्टसाठी मुदतीआधी नाव देणारे २०२१ ला साडेतीनशेच्या वर होते (कोविडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं होतं, तो फुगवटा धरा). २०२५ ला १०६. जाणारे कमी झाले आहेत, आणि कारण निष्ठा नाही.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ ला कोर्टाने खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, आता कॉलेजं थेटही देऊ शकतात, सगळे खेळ मिळून २०२५-२६ ला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्याला ड्राफ्टची दुसरी फेरी दिसते आहे त्याने हिशेब केला. एनबीएचा टू-वे करार म्हणजे २०२५-२६ ला सव्वासहा लाखांच्या थोडे वर डॉलर आणि निम्मा वेळ छोट्या लीगमध्ये. मोठं कॉलेज त्याहून जास्त देतं, वर टीव्हीवर रोज. २०२५ ला यॅक्सेल लेंडेबोर्गचं नाव पहिल्या फेरीच्या शेवटी घेतलं जात होतं, तरी मे अखेर नाव मागे घेऊन मिशिगनला गेला. ही मागे घ्यायची सोयही ध्यानात ठेवा: नाव द्यायचं, संघांपुढे पळून-उड्या मारून दाखवायचं, आपली किंमत काढून घ्यायची आणि मुदतीत परत यायचं. स्थळ बघून येण्यासारखं आहे, पोहे खाल्ले म्हणजे लग्न ठरलं असं नाही.

फ्लॅगसारख्याला हा हिशेब लागूच नाही. त्याचा तक्त्याप्रमाणेचा करार चार वर्षांचे सहा कोटी डॉलरच्या वर. कुठलं कॉलेज देणार?

नागपाडा_४०

थांबून फायदा झालेलाही एक सांगतो. पर्ड्यूचा झॅक ईडी, टोरांटोचा, ७ फूट ४ इंच. २०२३ ला देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी पर्ड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरलं. (पुन्हा न्यू जर्सी! सूनबाई, तुमच्या राज्याने पर्ड्यूचं घर बांधू दिलं नाही.) ईडीने ड्राफ्टला नाव दिलं, मागे घेतलं, परत आला, पुन्हा सर्वोत्तम ठरला, पर्ड्यूला अंतिम सामन्यात नेलं आणि मग नवव्या क्रमांकावर मेम्फिसला गेला. आदल्या वर्षी एवढा वर घेतला असता असं मला वाटत नाही.

अवांतर: आपल्याकडचा ड्राफ्ट झालेला एकच, सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, २०१५ ला ५२ वा. तोही डॅलसनेच. कॉलेजची पायरी त्याने चढलीच नाही, फ्लोरिडातल्या अकादमीतून थेट. त्याच वर्षी सॅक्रामेंटोकडून सिम भुल्लर खेळला, एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि २०१९ ला तोच संघ त्यांनी वरळीच्या डोममध्ये आणला. ४ ऑक्टोबरची मॅच शाळेच्या पोरांसाठी होती, ५ ची आपल्यासाठी. इंडियानाशी होती. मी गेलो होतो. आमच्या वेळी नागपाड्यात रिंगला जाळी नसायची, चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर मारामाऱ्या. डोममध्ये जाळीचा तो ‘स्विश’ आवाज पहिल्यांदा एवढ्या जवळून ऐकला. एकोणपन्नासाव्या वर्षी डोळ्यांत पाणी, बाजूचा पोरगा बघत होता.

तिरकस_तात्या

नावात ४० आहे की हो.

नागपाडा_४०

जर्सी नंबर होता तो.

कुर्ल्याची_सून

बायकांचं कुणीच बोललं नाही म्हणून पुन्हा आले. डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टला अमेरिकन मुलीला त्या वर्षात २२ वर्षं तरी पूर्ण हवीत किंवा कॉलेज संपलेलं हवं. म्हणून केटलिन क्लार्क आयोवात चारही वर्षं दिसली. माझ्या लेकीने तिसरीपासून सहावीपर्यंत तिला बघितलं, तिच्यासारखा लांबून थ्रो टाकून गॅरेजचा दिवा फोडला. २०२४ चा मुलींचा अंतिम सामना १ कोटी ८७ लाखांच्या वर लोकांनी बघितला, मुलांचा दीड कोटीच्या खाली. मुलींनी मुलांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. लोकांना ओळख व्हायला वेळ मिळाला की लोक येतात.

पण दुसरी बाजूही सांगते. ती पहिल्या क्रमांकाने गेली आणि तिचा पहिल्या वर्षीचा पगार ७६ हजार ५३५ डॉलर. मुलगे सोडून जातात कारण पुढे कोट्यवधी वाट बघत असतात. मुली थांबतात त्यात पुढे कमी मिळतं हेही आहेच. याला निष्ठा म्हणायचं असेल तर गटगच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

रॅलेकर

सगळ्यांचे आभार, धागा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

सूनबाईंच्या ‘ओळख व्हायला वेळ’ यावरून एक आठवलं. इथे घरच्या शेवटच्या मॅचला ‘सीनियर नाइट’ असते. चौथ्या वर्षाच्या पोरांना आईबापांसह कोर्टवर बोलवतात, फुलं देतात, आई रडते, बाप मोबाइल आडवा धरायचा विसरतो. जिथे दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरंच नव्याने येतात तिथे या रात्री पुढे येतो तो कधी न खेळलेला, बाकावरचा मुलगा. सीझनभर त्याची दहा मिनिटंही झालेली नसतात. पण टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त, कारण चार वर्षं तोच एक दिसतोय.

आणि २०२४ चा आमच्या रॅलेचा मार्च. इथल्या एनसी स्टेट कॉलेजला कॉन्फरन्स जिंकल्याशिवाय आशा नव्हती. पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकल्या, मग स्पर्धेत ड्यूकला ७६-६४ हरवून थेट शेवटच्या चारांत. ड्यूककडे पुढे एनबीएत गेलेली पोरं. आमच्याकडे डीजे बर्न्स, विन्थ्रॉपमधून आलेला, पोट सुटलेला, पाठ लावून हळूच सरकत जाणारा, शेजारच्या बँकेतल्या कॅशियरसारखा शांत. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी काम केलं नाही. तो तरी आमच्याकडे किती होता? दोनच सीझन. पण ते पाच दिवस वेळापत्रकात एकही फालतू मॅच नव्हती, म्हणून ओळख झाली. मला एवढंच म्हणायचं होतं, सुरुवातीला नीट लिहिता आलं नाही.

काका, तुमचं दुखणं राहिलं.

डेटनचे_काका

हो, जेवण झालं, दोन दिवसही झाले.

२०१९-२० चा सीझन. डेटनच्या कॉलेजचा संघ २९-२. दोन्ही हार जादा वेळेत: एक कॅन्ससशी माउईला, आणि एक कोलोराडोशी शिकागोत, शेवटच्या क्षणी. कॉन्फरन्समध्ये १८-०. देशात तिसरा क्रमांक. ओबी टॉपिन, आधी एक वर्ष बाहेर बसलेला, मग दोन सीझन खेळलेला, देशातला सर्वोत्तम. लहान गाव आहे हो आमचं. केशकर्तनालयात, गॅस स्टेशनवर, देवळात आरतीनंतर, सगळीकडे एकच विषय. मुलगा पिट्सबर्गहून गाडी चालवत येणार होता, आम्ही मिळून बघणार होतो.

१२ मार्चला स्पर्धा रद्द. कोविड.

ओबी ड्राफ्टला गेला, आठवा, न्यू यॉर्क. गावात एक माणूस सापडणार नाही त्याला नावं ठेवणारा. थांबून काय करणार होता? ते वर्ष त्याला परत कुणी देणार होतं का? यूडी अरीनात त्या मार्चमध्ये खुर्च्या लागलेल्या होत्या, पहिल्या चार मॅचेसची तयारी झालेली होती. माझी तिकिटं होती. पैसे परत आले, तिकिटं मी टाकली नाहीत.

रॅलेकर, पुढच्या मार्चमध्ये या. मुलांना घेऊन या. बायको म्हणते पुरणपोळ्या करीन.

रॅलेकर

येतो काका, नक्की. धाकट्याची सुट्टी बघतो. कुणाच्या मॅचेस असतील ते कधी कळतं?

डेटनचे_काका

रविवारी संध्याकाळी सहा-सातला यादी जाहीर होते, मंगळवारी रात्री पहिली मॅच. संघ सोमवारी विमानतळावर उतरतात तेव्हा त्यांनाच धड ठाऊक नसतं कुठे आलोय. मी तिकिटं त्याच्या कितीतरी आधी काढतो. चार काढू की पाच?